वाचलेलं, पाहिलेलं सगळं विसरायला होतं. मग उरतं काय?

पानगळ

गेल्या महिन्यात एक गंमत झाली. पहिल्या दिवशी मी ती सगळ्यांना हसत हसत सांगितली आणि मग दोन दिवस काही सुचेना.

कपाटातून एक जाडसर कादंबरी काढली. बरीच वर्षं तिथे उभी होती आणि 'वाचायची राहिलीय' या खात्यात मी ती मनातल्या मनात टाकून ठेवली होती. वाचायला घेतली आणि रंगलेच. असलं पुस्तक इतकी वर्षं हातात कसं घेतलं नाही म्हणून स्वतःला दोन शब्द सुनावूनही झाले. १४३व्या पानावर आले तर समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'नाही! ती असं वागणारच नाही.' अक्षर माझं.

म्हणजे पुस्तक वाचून झालेलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, तावातावाने वाचलं होतं, लेखकाशी भांडले होते. आणि त्यातली एक ओळसुद्धा माझ्याकडे शिल्लक नव्हती. वर आणखी एक: पेन्सिलीकडे लक्ष जायच्या आधी तेच पान वाचताना मला तिचं वागणं पूर्ण पटलं होतं!

मग वह्या काढल्या. वाचलेली पुस्तकं, पाहिलेले माहितीपट, प्रदर्शनं यांची मी दर वर्षी यादी करते. चार वर्षांपासून वर्षाला ५२ पुस्तकांचं लक्ष्य ठेवलंय आणि बहुतेक वेळा गाठलंयही. यादीवरून बोट फिरवत गेले. निम्म्या नावांपुढे डोळ्यांसमोर काही म्हणजे काही येईना. काहींच्या मुखपृष्ठाचा रंग आठवला. एका माहितीपटातला फक्त एक प्रसंग राहिलाय: ऑक्टोपस शिंपल्यांचे तुकडे अंगाला चिकटवून त्यात स्वतःला झाकून घेतो. बाकीचा दीड तास गुल.

तेव्हा जे बरेच दिवस टाळत होते ते समोर आलं. मी हे सगळं उरकतेय. डिसेंबर जवळ आला की बारीक पुस्तकं निवडते, कारण आकडा गाठायचा असतो. संग्रहालयात गेले की आधी चित्राशेजारची पाटी वाचते, मग मोबाइलवर फोटो काढते, मग पुढचं चित्र. ते फोटो परत कधी उघडलेत? एकदाही नाही.

तर विचारायचंय ते हे. वाचून-पाहून शेवटी विसरायचंच असेल, तर तेवढ्यापुरत्या आनंदाचं करायचं काय? तुमचं कसं होतं? 'मला सगळं आठवतं' म्हणणाऱ्यांनीही लिहा. थोडी असूया वाटेल, दुसरं काही नाही.

चष्मिष

+१. अगदी मनातलं. माझ्याकडे फक्त पेन्सिलीची खूण नव्हती, थेट पुस्तकाची दुसरी प्रत होती. दोन्ही वेळा 'अरे वा, हे मिळालं!' म्हणून घेतलेली.

जुनी खूण

पानगळ, तुमची सोबत फार वरच्या दर्जाची आहे. सोळाव्या शतकातला फ्रेंच लेखक माँतेन, ज्याचे निबंध १५८० मध्ये पहिल्यांदा छापले गेले, त्याने पुस्तकांवरच्या निबंधात नेमकं हेच लिहून ठेवलंय. आपली स्मरणशक्ती इतकी दगाबाज आहे की काही वर्षांपूर्वी लक्षपूर्वक वाचलेली, स्वतःच टिपणं खरडलेली पुस्तकं आपण नवी समजून पुन्हा हातात घेतली, आणि तेही एकदा नव्हे, असं तो सांगतो. त्यावर त्याने तोड काढली. पुस्तक संपलं की शेवटी तारीख घालायची आणि एकूण मत काय झालं ते लिहायचं.

मजा अशी की त्यातले दोन-तीन शेरे त्याने त्याच निबंधात उतरवूनही टाकलेत. एका इतालियन इतिहासकाराबद्दल तक्रार आहे की हा गृहस्थ इतक्या लोकांच्या इतक्या कृत्यांचा न्याय करतो, पण त्यातलं एकही कृत्य सद्गुणापोटी किंवा सदसद्विवेकबुद्धीपोटी झालं असेल असं याला वाटत नाही. पुस्तकात काय होतं ते माँतेन लिहीत बसला नाही. ते वाचताना आपल्याला काय वाटलं, ते त्याने लिहिलं.

मी गेली सहा-सात वर्षं हे करतेय. कथानक लिहीत नाही, ते कुठेही मिळतं. 'आजारी असताना वाचलं, शेवटची पन्नास पानं कंटाळवाणी, पण म्हातारा आवडला.' बस, इतकंच. कोण म्हातारा, ते आठवत नाही. आवडला होता हे मात्र आठवतं.

शंकेखोर

धागा चांगला आहे, पण मला हे दुःखच कळत नाही. माहिती लागेल तेव्हा शोधता येते, ती डोक्यात कशाला साठवायची? मी तर माहितीपट दीडपट वेगाने पाहतो. निवेदक दोन वाक्यांमध्ये इतका थांबतो की तेवढ्यात माणूस दाढी करून येईल. दीड तासाचा ऐवज एका तासात आटोपतो.

आडवळण

@शंकेखोर, हिमनदीही दीडपट वेगानेच पाहता का?

शंकेखोर

हिमनदी दुप्पट.

दुर्बीण

विसरण्याबद्दलच चाललंय तर विसरण्याच्या आजोबांना आणायला हवं. हेरमान एबिंगहाउस. १८८५ साली त्याचं स्मरणशक्तीवरचं पुस्तक आलं. प्रयोग ज्याच्यावर झाले तो माणूस एकच, तो स्वतः. सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या माळा पाठ करायच्या, ठरावीक वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायच्या. वर्षानुवर्षं. घरच्यांनी कसं सहन केलं कोण जाणे.

त्याचा तो घसरत जाणारा आलेख सगळ्यांना माहीत असतो: तासाभरात निम्म्याहून जास्त गेलं वगैरे. पण त्याने मोजलं काय होतं, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. 'किती आठवतं' हे त्याने मोजलंच नाही. पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला, हे मोजलं. एका दिवसानंतर मूळ वेळेच्या साधारण ३४ टक्के वेळ वाचत होता. महिन्याभरानंतरही २१ टक्के वाचत होता. म्हणजे साफ पुसलं गेलंय असं वाटत असतानाही आत कुठेतरी पायवाट राहिलेली असते, दुसऱ्यांदा पाऊल लवकर पडतं.

निरर्थक अक्षरं आणि कादंबरी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मान्य. तरी पानगळ, तुम्ही या वेळी पहिल्या पानापासून रंगलात, त्यात पहिल्या वाचनाचा काहीच हात नसेल असं कशावरून?

शंकेखोर

म्हणजे २१ टक्क्यांसाठी ५२ पुस्तकं. व्याजदर बरा आहे.

काठावरची

फोटोबद्दल. २०१४ साली लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या, त्यांतले बारकावेही कमी. कॅमेऱ्याने ठेवून घेतलंय म्हटल्यावर डोक्याने हात झटकले. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागाचाच जवळून फोटो घ्यायला सांगितलं होतं, त्यांचं असं नुकसान झालं नाही. उलट जो भाग चौकटीबाहेर राहिला तोही त्यांच्या लक्षात होता. कारण साधं असावं. कुठला भाग घ्यायचा हे ठरवण्यासाठी आधी बघावं लागतं.

मी हे वाचल्यापासून एका भेटीत एकच चित्र पाहते. बाकीच्या दालनांतून सरळ चालत जाते, अगदी उद्धटासारखी. त्या एका चित्रासमोर वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं छळ असतो. आपल्याला काही कळत नाही, मागे उभा असलेला माणूस आपल्याला मूर्ख समजतोय, पाय दुखतायत. सातव्या-आठव्या मिनिटाला काहीतरी सुटतं. एखादा हात चुकीच्या जागी आहे असं दिसतं, किंवा उजेड जिथून येतोय तिथे खिडकीच नाही. मग वेळ कसा गेला ते कळत नाही.

पाटी शेवटी वाचते. हा नियम मोडायचा नाही.

चष्मिष

पाटी शेवटी! हे जमणार नाही. पाटी वाचल्याशिवाय मला चित्र आवडलंय की नाही तेच ठरवता येत नाही. (विनोद अर्धाच आहे.)

कोरी भिंत

इतकी वर्षं नुसती वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय. माझं इथलं नाव ज्यावरून आलं ते सांगते.

व्हर्मीर या डच चित्रकाराचं एक चित्र आहे, उघड्या खिडकीपाशी उभं राहून पत्र वाचणारी मुलगी. १६५७ ते १६५९ च्या आसपासचं, जर्मनीत ड्रेस्डेनला असतं. त्याची छापील प्रत माझ्या टेबलावर कित्येक वर्षं होती. त्यात मुलीच्या मागे मोठीच्या मोठी कोरी भिंत. पत्रात काय आहे कळत नाही, चेहऱ्यावरही फारसं काही नाही, आणि ती भिंत काहीच सांगत नाही. माझ्या आयुष्यातला एक फार वाईट काळ मी त्या भिंतीकडे बघत काढलाय. असं वाटायचं की या चित्रकाराला माहीत होतं, काही बातम्यांच्या मागे कोरी भिंतच असते.

तर त्या भिंतीखाली एक चित्र आहे, हे १९७९ सालीच क्ष-किरणांत दिसलं होतं. चित्रातलं चित्र: भिंतीवर टांगलेला भलामोठा मदन. सगळे समजत होते की व्हर्मीरनेच विचार बदलून तो रंगाखाली झाकला असेल. २०१७ मध्ये सफाई सुरू झाली तेव्हा तपासणीत निघालं की मूळ चित्रावरचं वार्निश आणि वरचा रंग यांच्या मध्ये धुळीचा थर आहे. म्हणजे दोन्हींमध्ये कित्येक दशकं गेली असणार, आणि व्हर्मीर तर १६७५ मध्येच वारला. भिंत दुसऱ्याच कुणीतरी रंगवली होती. मग चाकूच्या टोकाने, सूक्ष्मदर्शकाखाली तो थर कणाकणाने खरवडून काढला आणि २०२१ मध्ये मदनासकट चित्र लोकांपुढे आलं. पायाखाली मुखवटे तुडवणारा मदन. आता चित्राचा अर्थ स्वच्छ आहे. पत्र प्रेमाचं आहे.

हे खरं चित्र आहे, मला मान्य आहे. व्हर्मीरने काढलं तेच लोकांनी पाहावं, त्यात वाद नाही. पण मी ज्या चित्रावर जीव लावला ते अर्धं व्हर्मीरचं आणि अर्धं कुण्या निनावी रंगाऱ्याचं होतं. त्याने तो मदन का झाकला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्याच्या त्या पुसट राखाडी रंगाने मला सांभाळलं होतं. नवी प्रत मी आणली नाही. जुनी अजून टेबलावर आहे. तिच्यातलं चित्र आता जगात कुठेच नाही.

जुनी खूण

@कोरी भिंत, लिहीत जा हो. दोनदा वाचला प्रतिसाद.

काठावरची

अगदी! आणि हे नेहमीचंच आहे. रेम्ब्रांटचं १६४२ चं 'रात्रीचा पहारा' म्हणून ओळखलं जाणारं चित्र रात्रीचं नाहीच. नाव पुढे कधीतरी पडलं, वार्निश आणि धूळ यांनी चित्र काळवंडत गेलं तसं ते चिकटून बसलं. वार्निश उतरवल्यावर दिवस निघाला. आणि १७१५ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवताना दोन दारांमधल्या जागेत मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं! सगळ्यांत मोठी पट्टी डावीकडची, तिच्यात माणसं होती. ते तुकडे आजतागायत मिळालेले नाहीत. मूळ रचना कशी होती ते एका लहान प्रतिकृतीमुळे कळतं. पुढचे दोन म्होरके मुळात मध्यभागी नव्हते, उजवीकडे सरकलेले होते, सगळी टोळी चालत पुढे येतेय असं वाटायचं. कापाकापीनंतर ते मधोमध येऊन उभे राहिले. आपण पिढ्यानपिढ्या 'काय भक्कम रचना आहे' म्हणून जी वाखाणली, तिच्यात सुताराचाही वाटा आहे.

चष्मिष

अवांतर: होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट मला आयुष्यभर भिंतभर मोठी वाटत होती. प्रत्यक्षात ती साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटर आहे. मांडीवर घेऊन बघायचं चित्र! छापील पुस्तकात, मोबाइलवर सगळी चित्रं एकाच मापाची होतात, हे कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

आडवळण

चित्रांचं ऐकून आता माहितीपटांचंही काढतो, कारण तिथे तर उरतं तेच कधी कधी खोटं असतं.

पूर्ण लांबीच्या माहितीपटांचा पूर्वज म्हणून ज्याचं नाव घेतात तो फ्लाहर्टीचा १९२२ चा 'नानूक ऑफ द नॉर्थ'. आर्क्टिकमधल्या इनुइट कुटुंबाचं जगणं. त्यातल्या नायकाचं खरं नाव नानूक नव्हतं. इग्लूच्या आत कॅमेरा आणि उजेड दोन्हीची पंचाईत, म्हणून मोठा इग्लू बांधून तो अर्धा कापला. ते कुटुंब 'आत झोपलेलं' दिसतं तेव्हा उघड्यावर असतं. तोवर तिथले लोक बंदुका वापरत होते, पण चित्रपटात शिकार भाल्याने. आणि हा सगळा दुसरा प्रयत्न. १९१६ मध्ये पहिल्या खेपेला चित्रित केलेली निगेटिव्ह फ्लाहर्टीच्याच सिगारेटने पेटून खाक झाली होती. मला मात्र तो माणूस हसत भाला पेलताना अजून दिसतो. खोटं आहे हे कळल्यावरही दिसतो.

त्याहून वाईट उदाहरण लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्याचं. ते थव्याने कड्यावरून उड्या मारून जीव देतात, हे अर्ध्या जगाला 'माहीत' आहे. हा गैरसमज जुनाच, पण तो घरोघरी पोचवण्यात १९५८ च्या 'व्हाइट विल्डरनेस'चा मोठा हात. त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं होतं. १९८२ मध्ये कॅनडाच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने बाहेर काढलं की ते चित्रण कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात झालं होतं, जिथे समुद्र नाही आणि ते लेमिंगही तिथले नाहीत. प्राणी बाहेरून विकत आणले होते, बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर त्यांना पळवलं आणि नदीत ढकललं.

आवाजांचंही तेच. वन्यजीवांचं चित्रण कित्येकदा इतक्या लांबून होतं की तिथला आवाज मिळतच नाही. पावलांची करकर, पंखांची फडफड नंतर स्टुडिओत बसून कुणीतरी कापड झटकून, काहीतरी चुरगाळून करतो. हे कळल्यावर वर्षभर मला एकही प्राणीपट धड पाहता आला नाही. सिंह आला की मला स्टुडिओतला माणूस दिसायचा.

मग ते गेलं. आता दोन्ही एकदम चालतं. एक डोळा सिंहावर, दुसरा 'कॅमेरा कुठे असेल' याच्यावर. पहिल्या वेळचा तो तोंड उघडं टाकून बघण्याचा आनंद मात्र गेला तो गेलाच. त्याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही.

शंकेखोर

म्हणजे मी खोटं दीडपट वेगाने पाहत होतो. वेळ तरी वाचला.

गंमत सोडा, पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. प्राणीपट आनंदासाठी पाहायचे, ज्ञान म्हणून नाही. दोन्ही एका ताटात वाढलं की घोटाळा होतो.

आडवळण

पण आनंद येतो तो 'हे खरंच घडलं' या विश्वासातूनच ना? तोच लेमिंगचा प्रसंग कार्टूनमध्ये असता तर तुम्ही पाहिला असता का?

याच्या उलटंही होतं. एरॉल मॉरिसचा १९८८ चा 'द थिन ब्लू लाइन' बघा. त्यात खुनाचा प्रसंग नटांकडून पुन्हा पुन्हा वठवून घेतलाय, प्रत्येक साक्षीदाराच्या सांगण्यानुसार थोडा वेगळा. म्हणजे सरळसरळ नाटक. आणि त्या चित्रपटाने प्रकरण असं ढवळून निघालं की जन्मठेप भोगणारा माणूस १९८९ मध्ये सुटला. वठवलेलं होतं, पण वठवलंय हे लपवलं नव्हतं. माझ्यासाठी रेघ तिथे आहे.

शंकेखोर

हे पटलं. पूर्ण नाही, पण पटलं.

दुर्बीण

चित्र आणि माहितीपट एकत्र पाहायचे असतील तर फ्रेंच दिग्दर्शक क्लूझोने १९५६ मध्ये पिकासोवर केलेला चित्रपट. पिकासो अशा कागदावर काढतो की शाई पलीकडे उतरते, आणि कॅमेरा पलीकडच्या बाजूला. हात दिसत नाही, माणूस दिसत नाही, नुसती रेघ उमटत जाते. फुलं होतात, फुलांचा मासा होतो, माशाची कोंबडी. मधेच चित्र इतकं सुंदर होतं की ओरडावंसं वाटतं, 'बास, आता हात लावू नका!' आणि तो लावतोच. कित्येकदा बिघडवतो. भिंतीवर टांगलेल्या पूर्ण चित्राखाली अशी किती चांगली चित्रं गाडलेली असतील हे मला त्याआधी कधी सुचलंच नव्हतं. कोरी भिंत यांच्या प्रतिसादानंतर पुन्हा पाहावासा वाटतोय.

गुणगुण

एक भाबडा प्रश्न. ऐकलेलं पुस्तक यादीत धरायचं का? मी कामं करता करता ऐकते. घरी यावरून टोमणे बसतात.

जुनी खूण

बिनधास्त धरा. चौथ्या शतकाच्या शेवटी संत ऑगस्टीनला बिशप अँब्रोजचं कशाचं नवल वाटलं होतं, माहितेय? हा माणूस वाचतो तेव्हा डोळे पानावरून फिरतात, पण जीभ हलत नाही! ही गोष्ट त्याला मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटली, वर असं का करत असतील याची कारणंही तो शोधत बसला. टोमणे मारणाऱ्यांना हे ऐकवा. मोठ्याने.

सांजवेळ

थोडं वेगळं लिहितेय, चालेल ना?

माझ्या बाबांची स्मृती शेवटची चार वर्षं जात गेली. ते पट्टीचे वाचक. शेवटी शेवटी एकच प्रवासवर्णन हातात असायचं. रोज सकाळी उघडायचे, पहिल्यापासून. ३१व्या पानावर एक वाक्य होतं, तिथे आले की हसायचे आणि मला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवायचे. रोज. 'हे ऐक, काय लिहिलंय बघ!' मी रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं करायचे. कधी कधी नाही करायचे. कामाच्या घाईत 'हो बाबा, कालच सांगितलंत' असं तोडून टाकलंय, तेव्हा ते ओशाळायचे. कशाबद्दल ओशाळतोय ते त्यांना कळायचं नाही.

त्यांना आनंद होत होता का? होत होता, खोटा नव्हता. पण 'विसरण्यातही आनंद असतो' असं गोड करून मी सांगणार नाही. आमच्यासाठी ते तसं नव्हतं.

एवढंच की ते पुस्तक मी अजून वाचलेलं नाही आणि त्याचं ३१वं पान मला तोंडपाठ आहे.

कोरी भिंत

सांजवेळ...

पानगळ

दोन दिवस इथे येता आलं नाही. सगळे प्रतिसाद आत्ता एका बैठकीत वाचले. सांजवेळ, तुमच्याशी काय बोलावं कळत नाहीये, म्हणून बोलत नाही.

दुर्बीण, तुमची पायवाट मला आवडली, पण माझ्या बाबतीत ती लागू पडते असं वाटत नाही. कादंबरी काल रात्री संपवली. १४३व्या पानावर ती बाई काय करते, तर फार जवळच्या मैत्रिणीला काही न सांगता, न भांडता आयुष्यातून काढून टाकते. फोन उचलत नाही, पत्राला उत्तर देत नाही. तेवीस-चोविसाव्या वर्षी मी लिहिलं, 'नाही! ती असं वागणारच नाही.' त्यानंतर सात-आठ वर्षांनी मी हेच केलं. अगदी असंच, फोन न उचलता. म्हणून या वेळी पटलं. पुस्तकाची त्यात काही करामत नाही. किंवा असेल, मी आधी वाचलं नसतं तर केलं नसतं असं थोडंच आहे! पण ती ओळ मी त्या वयात इतक्या जोरात लिहिली होती की मागच्या पानावर पेन्सिल उमटलीय. त्या मुलीची मला जरा भीती वाटली.

माँतेनचं ऐकून शेवटच्या पानावर तारीख घातली. शेरा अजून सुचलेला नाही. १४३व्या पानावरचं खोडलं नाही. खाली फक्त 'वागते' एवढं लिहिलं.

५२ चं काय करायचं ते ठरलेलं नाही. यादी बंद करवत नाही, सवय आहे. पण या वर्षीच्या यादीत ही कादंबरी धरायची की नाही, यावर मी काल अर्धा तास घालवला. माझं मलाच हसू आलं.

चष्मिष

धरायची! दोनदा. बरं, पुस्तकाचं नाव काय ते तरी सांगा.

पानगळ

सांगत नाही. तुमच्याकडे दोन प्रती निघतील.

काठावरची

मी आजपासून तुमचा ऑक्टोपस शोधतेय, शिंपले चिकटवणारा. कुठला माहितीपट, काही खूण?

पानगळ

पाणी हिरवट होतं. खरंच, तेवढंच आठवतंय.

शंकेखोर

कबुलीजबाब. काल रात्री एक माहितीपट साध्या वेगाने लावला. विषय: खोल समुद्र. ऑक्टोपस आला नाही. पंधराव्या मिनिटाला हात दोनदा बटणाकडे गेला, मागे घेतला. मग एक लांबलचक प्रसंग होता, एक मासा नुसता स्थिर राहिलाय, निवेदक गप्प, आणि पाण्याचा आवाज. (हो आडवळण, स्टुडिओतला असेल, ठाऊक आहे.) चाळिसाव्या मिनिटाला झोप लागली. उरलेला आज पाहणार आहे.